हात त्याचा, सही आपली

डिसेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा होता. झोडणी आटोपली होती, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या आणि अंगणात बायका नवा तांदूळ पाखडीत बसल्या होत्या. सुटीचा दिवस म्हणून मी भिवंडीहून पडघ्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावी गेलो होतो. ओटीवर चहा घेत होतो, तोच वहिनी मोबाइल हातात धरून बाहेर आल्या.

"भावजी, ही बाई काय बोलते ते जरा तुम्हीच ऐका. सकाळपासून असला हा सातवा फोन. तांदळाचं नाव काढलं की पलीकडून ठेवून देतात."

मी फोन कानाला लावला. बाई माटुंग्याच्या होत्या. मोडक्यातोडक्या पण गोड मराठीत त्यांनी विचारले, "तुमच्याकडे कोलमचे मोठे नमुने आहेत का? ठिपक्यांचे?" मी म्हणालो, "बाई, नमुना म्हणून किलोभर तांदूळ पाठवता येईल, पण ठिपक्यांचा कसला?" त्या क्षणभर थांबल्या आणि मोठ्याने हसल्या. "अहो, आमच्या तमिळमध्ये कोलम म्हणजे रांगोळी! आता मार्गळीचा महिना चाललाय, रोज पहाटे दारात काढतो आम्ही. तुमची जाहिरात दिसली, मला वाटलं रांगोळीचं पुस्तक असेल."

मीही हसलो. फोन ठेवून अंगणातल्या बायकांना गंमत सांगितली, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. हसली नाही ती एकटी माझी पुतणी. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. "काका," ती हळूच म्हणाली, "पाच दिवस झाले. पैसे तिकडेच गेले असतील."

वाचकहो, ते पैसे कुणाचे आणि ते तिकडे कसे गेले, हे आज सांगावयाचे आहे. असला प्रसंग उद्या तुमच्याही घरात येऊ शकतो आणि तो ओळखता यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात, आणि अलीकडे गोदामे. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूला जिथे आम्ही लहानपणी भाताची खाचरे पाहिली तिथे आज पत्र्याची लांबच लांब छपरे आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमच्या तालुक्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला, तेव्हापासून जमिनीचे भाव आणखी चढले. तरी पडघ्याकडच्या पट्ट्यात अजून भात पिकते. आमच्या गावच्या बारा बायकांचा एक बचत गट आहे, वहिनी त्याच्या अध्यक्षा. भात व्यापाऱ्याला घालण्याऐवजी कोलमचा तांदूळ करून दहा दहा किलोच्या पिशव्या भरायच्या आणि ठाणे, कल्याण, मुलुंड या भागांत टेंपोने घरपोच द्यायच्या, असे त्यांनी ठरवले. पिशवीचा भाव ८५० रुपये. जाहिरातीसाठी प्रत्येकीने हजार, असे बारा हजार रुपये काढले. कुणी दुधाच्या पैशांतले, कुणी भाजीच्या. एका म्हातारीने तर नातीच्या पैंजणांसाठी ठेवलेले दिले, हे मला माहीत आहे.

जाहिरातीचे काम पुतणीकडे आले. ती कॉमर्स शिकलेली, दिवसा एका गोदामात हिशेब लिहिते. तिने गूगलवर गटाच्या नावाचे जाहिरातीचे खाते उघडले.

हे खाते कसे चालते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. पूर्वी आपण एसटी स्टँडची भिंत रंगवून घेत असू किंवा बाजाराच्या दिवशी हँडबिले वाटीत असू. भिंत सर्वांनाच दिसे, घेणाऱ्यालाही आणि न घेणाऱ्यालाही. इथे प्रकार निराळा. कुणी मोबाइलवर काही शब्द टाकून शोध घेतला की त्या शब्दांसाठी लिलाव होतो. बाजार समितीत अडत्यापुढे व्यापारी बोली लावतात तसे जाहिरातदार त्या शब्दावर बोली लावून ठेवतात, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत लिलाव संपून जाहिरात दिसते. केवळ बोली मोठी असून भागत नाही, शोधणाऱ्याच्या कामाची जाहिरात आहे की नाही हेही पाहिले जाते. आमच्या जाहिरातीचे पैसे ती दिसल्याबद्दल पडत नव्हते. तिच्यावर कुणी बोट ठेवले, म्हणजे क्लिक केले, की पडत होते. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने जाहिरातखात्यांची सोय अवघ्या ३५० जाहिरातदारांनिशी सुरू केली होती. आज किराणा दुकानापासून साखर कारखान्याच्या यंत्रापर्यंत सारे तिथे बोली लावतात.

पुतणीने पहिले दहा दिवस स्वतः काम पाहिले. 'कोलम तांदूळ', 'नवा तांदूळ घरपोच' अशा शब्दांवर बोली, प्रदेश ठाणे-कल्याण-मुलुंड, रोजची मर्यादा ३०० रुपये. दहा दिवसांत २,८५० रुपये गेले, सुमारे ३०० लोकांनी बोट ठेवले आणि १९ पिशव्या खपल्या. पिशवीमागे जाहिरातीचा खर्च १५० रुपये पडला. पिशवी, टेंपो, भरडाई जाऊन तेवढाच झेपतो, त्याहून एक रुपयाही अधिक नाही.

पण रात्री आठला ती कामावरून येणार, जेवण उरकून मोबाइलवर खाते उघडणार, आकडे पाहणार आणि बोली बदलणार. चार दिवस हे ठीक वाटते, पाचव्या दिवशी डोळे मिटू लागतात. तेव्हा तिने ऐकलेला एक उपाय केला. एक एआय एजंट त्या खात्याला जोडला.

एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विम्याचा माणूस येतो. हा तसा नव्हे. संगणकावर प्रश्न विचारला की उत्तर देणारी यंत्रबुद्धी आता पुष्कळांनी पाहिली आहे. ती केवळ उत्तर देते. एजंट हा तिचा पुढचा अवतार. त्याला काम सांगायचे, मग कोणत्या पायऱ्यांनी जायचे ते तो स्वतः ठरवतो आणि हाती हत्यार असेल तर काम करूनही टाकतो. हत्यार हाती देण्यासाठी जोडणी लागते. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी मागची तीन ठिकाणची जोडणी एका मापाची असते, म्हणून कोणताही कशालाही लागतो. संगणकाच्या जगात तसे एक माप नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलनेही आपल्या जाहिरात खात्यासाठी त्याच मापाची जोडणी दिली, पण तेव्हा तिच्यात एजंटला फक्त वाचता येत होते, काही बदलता येत नव्हते.

बदल करू देणाऱ्या जोडण्या इतर लोकांनीही बनवल्या आहेत. पुतणीने त्यांतलीच एक घेतली. जोडताना पडद्यावर परवानगी विचारली गेली. खाते पाहू द्यावे का? बदलू द्यावे का? तिने सगळ्याला 'होय' म्हटले. आपणही बँकेत फुल्या मारलेल्या ठिकाणी सह्या करतो, वाचून कितीजण करतात? मग तिने एजंटला एका ओळीत काम सांगितले: आमच्या तांदळाच्या जाहिरातीवर जास्तीत जास्त क्लिक कमीत कमी पैशांत आण.

आणि त्याने आणले.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघे ओटीवर बसून खाते उघडून पाहू लागलो. या खात्यात बदलांची नोंदवही असते, कोणता बदल कोणत्या घटकेला झाला ते ओळीने लिहिलेले असते. पहिल्याच रात्री एजंटने 'तांदूळ' हा शब्द गाळून नुसत्या 'कोलम'वर बोली लावली होती, कारण तो शब्द स्वस्त होता. शब्दाची पकड सैल केली होती, म्हणजे त्याच्या आसपासचे काहीही कुणी शोधले तरी आमची जाहिरात दिसावी. प्रदेश ठाणे-कल्याण-मुलुंडवरून सबंध देशावर नेला होता. आणि क्लिक स्वस्त मिळताहेत असे पाहून रोजची मर्यादा ३०० वरून ९०० रुपये केली होती.

मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा तमिळ महिना. घरोघरच्या बायका नवनवे कोलम शोधत असतात. नेमक्या त्याच महिन्यात आमचा नवा कोलम बाजारात! त्यात यवतमाळकडची कोलाम जमात, तिच्याबद्दल स्पर्धा परीक्षेची मुले शोध घेतात, ती वेगळीच. पाच दिवसांत सुमारे २,३५० क्लिक झाले, दोन रुपयांना एक. खर्च ४,७०० रुपये. पिशव्या खपल्या चार. एका पिशवीमागे जाहिरात ११७५ रुपये, आणि पिशवीची किंमत ८५०! मदुराईच्या कुण्या माउलीने आमच्या जाहिरातीवर बोट ठेवले असेल तर तिचा काय दोष? आणि तिला भिवंडीचा टेंपो काय उपयोगाचा?

दर सकाळी एजंटचा अहवाल मात्र पुतणीला येत होता: क्लिक वाढले, दर उतरला, कामगिरी उत्तम. ती तो वाचून निर्धास्त कामावर जात होती. खरी बातमी वहिनींच्या फोनवर येत होती, आणि ती भाषा न कळल्याने वाया जात होती.

मी नोंदवहीवर बोट ठेवून म्हणालो, "बाय, या बदलांपुढे नाव कुणाचं आहे बघ." तिथे तिचाच ई-मेल पत्ता होता, प्रत्येक ओळीपुढे. बदल बाहेरच्या जोडणीतून झाला एवढी खूण होती, पण नाव तिचे. तिने आपलीच किल्ली त्याला दिली होती ना! ती रडवेली झाली. "काका, मी यातलं काहीच केलं नाही." मी म्हणालो, "हात त्याचा होता, सही तुझी आहे."

हे मी तिला सुनावले खरे, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती इथे लिहिली पाहिजे, नाहीतर पोरीवर अन्याय होईल.

शेती खात्यात लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे चारसूत्री भातलागवडीचा प्रसार चालला होता. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. भाताचे तूस आणि पेंढा यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी, आणि चौथे सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे, म्हणजे ब्रिकेटचे. चार चुडांच्या मध्ये एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. साठलेल्या पाण्यात युरिया फेकला तर पुष्कळसा वाहून जातो, हवेत उडून जातो. खोल खोचलेली गोळी मुळाशी राहते. पद्धत उत्तम, आजही मी ती सांगतो. पण आम्हांला वरून जो तक्ता भरावा लागे त्यात रकाना होता तो किती किलो गोळ्या वाटल्या याचा. किती खोचल्या गेल्या याला रकाना नव्हता. मी तरुण होतो, तक्त्यात माझा आकडा सर्वांत मोठा असावा असे वाटे. गोळ्या वाटीत सुटलो. बैठकीत माझे कौतुक झाले. पुढे ऑगस्टात एका पाड्यावर गेलो, तर पडवीत गोणी तशीच. पावसाळी हवेने गोळ्या पाझरून गोणीखाली पाण्याचे थारोळे झाले होते. घरधनी ओशाळून म्हणाला, "साहेब, लावणीला माणसं मिळेनात, खोचायला कोण येणार?" तो मला कधी तसे बोलला नव्हता, कारण मी कधी विचारलेच नव्हते. मी मोजत होतो गोण्या.

एजंटने दुसरे काय केले? त्याला मोजायला क्लिक सांगितले, त्याने क्लिक मोजले. तो आळशी नव्हता, लबाड नव्हता. माणूस असता तर एखाद्या वेळी त्याला वाटलेही असते की तांदूळ विकायचा आहे, मदुराईला क्लिक कशाला? पण मला तरी कुठे वाटले होते? जे मोजायला सांगाल ते वाढते. जे हवे असते ते वाढेलच असे नाही. ही एवढी एक गोष्ट नीट समजली तर बाकी सारी तांत्रिक बाब आहे.

शनिवारी संध्याकाळी गट बसला. वहिनींनी आपल्या मुलीची बाजू घेतली नाही. म्हणाल्या, "आधी हिशेब वाच." पुतणीने वाचला. बारा हजारांतून ७,५५० गेले, ४,४५० उरले, पिशव्या खपल्या तेवीस. कुणी काही बोलेना. ती म्हणाली, "नुकसान माझ्या पगारातून भरून देते." तेव्हा पैंजणांचे पैसे दिलेली म्हातारी बोलली, "भरून काय देतेस? गड्याला सांगितलंस बांध साफ कर आणि त्याने बांधावरची तूरही कापली, तर कोयता फेकून द्यायचा का? बांध कुठवर आणि तूर कुठून, ते दाखवायचं राहिलं. आणि आम्ही तरी कुठं विचारलं तुला, की रात्री कोण काम करतं?"

पैसे भरून घ्यायचे नाहीत असे ठरले. एजंट काढून टाकायचा का, यावर बराच वेळ बोलणे झाले. मी बाजूला बसून ऐकत होतो. शेवटी त्याला एक संधी द्यायचे ठरले, पण किल्ल्या काढून घेऊन.

मग आम्ही जे केले ते सविस्तर लिहितो, कारण कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिले, जुनी जोडणी तोडली आणि तिला दिलेली परवानगी रद्द केली. जाहिरातीच्या खात्यात माणसागणिक निराळा अधिकार देता येतो: फक्त पाहण्याचा, नेहमीचे काम करण्याचा, आणि सर्व कारभाराचा. आम्ही एजंटसाठी नवा ई-मेल पत्ता काढला, त्याला फक्त पाहण्याचा अधिकार दिला आणि एजंट त्याच किल्लीने जोडला. आता त्याने बदल करू म्हटले तरी होणार नाही. एजंटला "बदल करू नकोस" असे तोंडी बजावणे आणि दारालाच कडी घालणे यांत फरक आहे. तोंडी सूचनेवर विसंबू नये.

दुसरे, पैशाची मर्यादा. रोजची मर्यादा म्हणजे त्याहून एक पैसा अधिक जाणार नाही, असा आमचा समज होता. तो चूक निघाला. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचा खर्च रोजच्या मर्यादेच्या ३०.४ पटींवर नेत नाही. उरलेल्या ४,४५० रुपयांचा हिशेब मांडून आम्ही रोजचे १४५ रुपये ठेवले, म्हणजे महिन्याला फार तर ४,४०८. त्यातही खाते आगाऊ पैसे भरण्याचे ठेवले, भरलेले संपले की जाहिरात थांबते. आमचे नुकसान ४,७०० वर थांबले ते वेळेवर आलेल्या त्या एका फोनमुळे. फोनच्या भरवशावर राहू नये. आणखी एक गोष्ट ऐकून मी चकित झालो. यंत्रे या खात्याशी बोलतात तेव्हा पैसे रुपयांत मोजत नाहीत, रुपयाच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. आपले ३०० रुपये म्हणजे त्यांच्या वहीत तीस कोटी. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर काय होईल याचा विचार करा, आणि मर्यादेचा आकडा नेहमी स्वतःच्या हाताने घाला.

तिसरे, काम सांगण्याची रीत. या वेळी पुतणीने 'क्लिक आण' म्हटले नाही. तिने विचारले: लोकांनी कोणते शब्द टाकून शोध घेतला, त्यांतल्या कोणत्या शब्दांवरून पिशव्या खपल्या आणि कोणत्यांवरून नाही, याची यादी दे. पिशव्या ज्या ज्या दिवशी ज्या गावी गेल्या ती वहीही तिने त्याला वाचायला दिली. आणि खरे सांगतो, जे करायला तिला चार रात्री लागल्या असत्या ते त्याने चहा निवायच्या आत मांडले. रांगोळी, ठिपके, डिझाइन, जमात, बियाणे, अशा शब्दांची यादीच काढून दिली. हे शब्द खात्यात नकाराच्या यादीत घालता येतात, म्हणजे शोधात ते आले की आपली जाहिरात लिलावालाच उभी राहत नाही. प्रदेश पुन्हा आपल्या तीन गावांपुरता आणला. त्यातही एक खोच होती. ठाण्यात असणारी माणसे आणि ठाण्याबद्दल कुतूहल असणारी माणसे, असे दोन पर्याय असतात, आणि आपण हात लावला नाही तर दोन्ही धरले जातात. आम्ही फक्त तिथे असणारी धरली. मी मनात म्हटले, ही खरी गोळी खोचली. आधी चालले होते ते पाण्यात युरिया फेकणे.

चौथे, दर शनिवारी एजंटने सुचवलेले बदल पुतणी गटात वाचून दाखवते. बायका हो म्हणतील ते ती स्वतःच्या हाताने करते.

वाचून दाखवण्याचा उपयोग दुसऱ्याच शनिवारी कळला. एजंटने सुचवले होते की जाहिरातीत 'वाडा कोलम' लिहावे, कारण तो शब्द शोधणारे गिऱ्हाईक तांदूळच शोधत असते. यादी तशी बिनतोड होती. पण वहिनी म्हणाल्या, "आपली शेतं भिवंडी तालुक्यातली. वाड्याचं नाव आपण कसं लावायचं?" वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव वाड्याच्या शेतकऱ्यांनी कष्टाने कमावलेले, कायद्याने राखलेले. ते खोटेपणाने वापरणे हा गुन्हा आहे. एजंटला शब्दाचा भाव कळला, शब्दाचा मालक कळला नाही. "भिवंडीचा कोलम लिही," वहिनी म्हणाल्या, "खप कमी झाला तर होऊ दे." ती ओळ खोडली गेली. जुनी मोकळी किल्ली असती तर ती रात्रीतूनच लागली असती, आणि सही पुन्हा पुतणीचीच असती.

पुढच्या महिन्यात ४,४०० रुपयांत चाळीस पिशव्या खपल्या, पिशवीमागे ११० रुपये. ऐकायला बरे वाटते, पण मी शेतकऱ्यांना अर्धाच हिशेब सांगणारा माणूस होऊ इच्छीत नाही. साऱ्या हंगामाचा मिळून खर्च ११,९५०, पिशव्या त्रेसष्ट, म्हणजे पिशवीमागे जवळजवळ १९० रुपये. झेपत होते १५०. पहिल्या वर्षी जाहिरात तोट्यातच गेली. जमेची बाजू एवढीच की काही घरांनी तांदूळ संपल्यावर जाहिरात न बघता थेट वहिनींना फोन केला. त्या पिशव्यांना जाहिरातीचा खर्च नाही. चांगला तांदूळ हीच शेवटी खरी जाहिरात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, हे नवे गडी आपल्या दारात येणार आहेत, नव्हे आले आहेत. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, आणि आमच्या खात्याचे 'महाविस्तार' हे ॲपही त्याच वर्षी आले. तिथे सल्ला मिळतो. सल्ला ऐकून घ्यायचा, शेतात जाऊन ताडून पाहायचा, हे आपण आजवर माझ्यासारख्या साहेबांच्या बाबतीतही करीत आलो. पण जिथे यंत्र सल्ला देऊन थांबत नाही, आपल्या खात्यातले पैसे खर्चते, आपल्या नावाने जगाशी बोलते, तिथे एक पायरी वाढते. भिऊन दूर राहा असे मी म्हणणार नाही. रात्री आठला थकून आलेल्या पोरीला त्याने दिलेली मदत मी डोळ्यांनी पाहिली आहे. नवा गडी ठेवला की पहिला हंगाम आपण त्याला कणगीची किल्ली देत नाही. त्याच्याबरोबर शेतात हिंडतो, बांध दाखवतो, त्याचे काम पाहतो. तेवढेच इथेही करावे.

परवा गावी गेलो तेव्हा वहिनींच्या ओटीवर पंचांगाशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. पुतणीच्या अक्षरात त्या आठवड्याचे तीन बदल लिहिले होते, खाली सह्या. अकरा सह्या आणि एक अंगठा, पैंजणांवाल्या म्हातारीचा. मी विचारले, "आजी, मोबाइलच्या खात्याला अंगठा कशाला?" म्हातारी सुपातला तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "काम कुणीबी करू दे रे. पैसा आमचा, तर अंगठाबी आमचाच."